लोयांगला जायचे, पण कधी?



डिसेंबरातील एका रविवारी विहारात वंदना आटोपून आम्ही चहा घेत होतो. तेवढ्यात गुरुजींनी खिशातून घडी घातलेला एक रंगीत कागद काढून माझ्या हातात दिला. "तू बी. कॉम. झालास. जमाखर्च तुला कळतो. हे वाच आणि सांग, जावे की नाही?"

गुरुजी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय ७१. कोथरूडच्या आमच्या वस्तीत निम्म्या लोकांनी त्यांच्याकडून मुळाक्षरे गिरवली आहेत. अर्ज, फॉर्म, पेन्शनची कागदपत्रे ही कामे वस्तीने माझ्याकडे सोपवलेली आहेत, तेव्हा हा कागदही माझ्याकडेच येणार हे ठरलेले. ते एका यात्रा कंपनीचे पत्रक होते. चीनमधील लोयांग आणि शीआन, आठ दिवस, जाणे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'फुलांचा हंगाम! सर्वोत्तम काळ!'

लोयांग कशासाठी, हे गुरुजींना विचारण्याची गरज नव्हती. भारतातून काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भिक्खू पांढऱ्या घोड्यांवर ग्रंथ व मूर्ती घेऊन तेथे पोहोचले आणि इ. स. ६८ मध्ये त्यांच्यासाठी सम्राटाने विहार बांधला, अशी तेथील परंपरा आहे. तो श्वेताश्व विहार आजही उभा आहे. दाराशी दगडी घोडे आहेत, आवारात या दोघा भारतीय भिक्खूंच्या समाधी आहेत. त्याच आवारात सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर एक भारतीय पद्धतीचे बुद्ध मंदिर आहे. त्याचे उद्घाटन २९ मे २०१० रोजी आपल्या जळगाव जिल्ह्याच्या कन्या, तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. शहराबाहेर यी नदीच्या दोन्ही काठांवर लोंगमेनची लेणी आहेत. इ. स. ४९३ च्या सुमारास त्यांचे खोदकाम सुरू झाले. लहानमोठ्या मूर्ती एक लाखाच्या वर. त्यातली सर्वांत मोठी बुद्धमूर्ती १७ मीटरहून उंच आहे. आणि ज्या ह्यूएन त्संगने सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्राची वाट तुडवली, पुलकेशीच्या राज्याचे वर्णन लिहून ठेवले, दरीतल्या ज्या लेण्यांचे त्याने वर्णन केले ती अजिंठ्याची असावीत असे अभ्यासक मानतात, तो ह्यूएन त्संग या लोयांगच्याच परिसरात जन्मला. तो आपल्याकडे येऊन गेला, आपण त्याच्याकडे अजून गेलो नाही, असे गुरुजी वर्गात सांगायचे. ते मी स्वतः ऐकले आहे.

पैसे गुरुजींनी साठवले होते. प्रश्न पैशांचा नव्हताच. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. ही यात्रा आयुष्यात एकदाच होणार. ती कोणत्या महिन्यात करायची, एवढेच ठरवायचे होते.

एवढेच, असे मी लिहिले खरे. पण महिना ठरवण्यात केवढी चूक होऊ शकते हे मला ठाऊक आहे, कारण ती मी केलेली आहे. २०११ साली मी आईला अजिंठ्याला नेले. माझी रजा मे महिन्यात मंजूर झाली, मुलांना सुट्टी होती, गाडीची तिकिटे मिळाली, म्हणून मे. दुसरा कसलाही विचार मी केला नाही. आईला पाहायचे होते ते एकच, सव्वीस क्रमांकाच्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती. ती लेण्यांच्या रांगेत पार शेवटाकडे. अकराच्या उन्हात त्या काळ्या कातळाची भट्टी होते. आई दहाव्या लेण्यापाशी खाली बसली ती उठेना. डोलीवाल्यांना बोलावले, पण तिला पुढे नेण्याची हिंमत मला झाली नाही, खाली आणले. "थंडीत पुन्हा येऊ," मी म्हणालो. पुढच्या वर्षी तिच्या पायाने साथ सोडली, त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली. घरात अजिंठ्याचे फोटो आहेत, त्यातल्या एकातही सव्वीसावे लेणे नाही.

म्हणून गुरुजींचे पत्रक मी खतावणीसारखे समोर मांडून बसलो. एका बाजूला लोयांगचे महिने, दुसऱ्या बाजूला आपले.

आधी लोयांगचे. हे शहर साधारण श्रीनगरच्या अक्षांशावर आहे, पण उंचीवर नाही. समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास. आपले पुणे त्याच्या तिपटीहून अधिक उंच. त्यामुळे विरळ हवेची जी भीती काकूंच्या मुलाला वाटत होती ती काढून टाकली. चीन म्हणजे तिबेटचे पठार असा आपला समज असतो, तसे नाही. पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या घरात, आपल्याहून थोडा कमीच, पण तोही मुख्यतः उन्हाळ्यातच पडतो. जुलै-ऑगस्ट हे तिकडे उकाडा आणि पाऊस दोन्हीचे महिने. जूनमध्ये कोरडा उन्हाळा, पारा पस्तिशीच्या वर सहज जातो. २० जुलै २०२१ रोजी त्याच प्रांतातील झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला. पुण्यात वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक, आणि तो एका तासात! झेंगझोऊ लोयांगपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. जून ते ऑगस्ट हे तीन महिने मी लाल शाईने खोडले.

तसे पाहता हे आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, कोवळे पीक आणि जीवजंतू पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा तथागतांनी संघाला तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा आपला वर्षावास. चीनमधील विहारांत हाच वास त्यांच्या चौथ्या चांद्रमासाच्या पंधरवड्यापासून सातव्याच्या पंधरवड्यापर्यंत असतो. प्रवासाचा हंगाम कोणता, याचा विचार आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वीच झाला आहे. मी मात्र तो २०११ साली केला नाही. असो.

हिवाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी लोयांगमध्ये रात्री पारा शून्याखाली उतरतो. कोरडी, बोचरी थंडी. शिवाय उत्तर चीनमधील अनेक शहरांत १५ नोव्हेंबर ते १५ मार्च हा घरे तापवण्याचा सरकारी हंगाम असतो. त्या दिवसांत हवेत धुरके साचते. दम्याच्या माणसाला तेथे नेणे म्हणजे पैसे देऊन दुखणे विकत घेणे. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि अशाच उत्तरेकडील हिवाळ्यात, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच वारले. त्यांना हंगाम निवडायचा नव्हता, युद्ध होते. आपल्याला निवडता येतो.

उरला वसंत आणि शरद. पत्रकातला एप्रिल हा वसंतातला. पिओनीची फुले हे लोयांगचे भूषण. १९८३ पासून तेथे दर वसंतात फुलांचा उत्सव भरतो. ताटाएवढी फुले, आणि हवाही सुखाची, दुपारी बावीस-तेवीस अंश. पत्रक खोटे बोलत नव्हते. पण पत्रक काकूंना ओळखत नव्हते. त्याच एप्रिल-मे मध्ये उत्तर चीनभर पॉप्लर आणि विलो या झाडांची बोंडे फुटतात व कापसासारखी म्हातारी हवेत उडत राहते. रस्त्यावर, बागेत, माणसाच्या नाकातोंडात. त्यात अधूनमधून वायव्येकडून धुळीचे लोट येतात. फुलांचा जो सर्वोत्तम काळ तोच दम्याचा सर्वांत वाईट काळ. शिवाय फुलांसाठी सारा चीन लोटतो, तेव्हा गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या बाईने लोंगमेनच्या पायऱ्यांवर उभे कोठे राहायचे?

हे सारे मी गुरुजींना सांगणार होतो, तोवर त्यांनीच पत्रकावरच्या तारखेवर बोट ठेवले. "अरे, यात चौदा एप्रिल येतो." झाले! गेली चाळीस वर्षे चौदा एप्रिलला गुरुजी पुणे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला जातात. एक वर्ष ताप होता तेव्हाही गेले. एप्रिल त्यांच्या दृष्टीने तेथेच संपला. दम्याचे कारण मला नंतर काकूंना वेगळे सांगावे लागले.

"मग बुद्धपौर्णिमेला जाऊ, मे मध्ये," असे विहारातील एका भगिनीने सुचवले. कल्पना चांगली, पण येथे एक घोळ आहे तो सांगून ठेवतो. चीनमध्ये बुद्धजयंती चौथ्या चांद्रमासाच्या अष्टमीला साजरी होते. बालबुद्धाच्या लहान मूर्तीला स्नान घालतात. आपली वैशाख पौर्णिमा. २०२५ साली त्यांची ५ मे रोजी होती, आपली १२ मे रोजी. यंदा २०२६ मध्ये अंतर आणखी वाढले आहे. आपली १ मे, त्यांची २४ मे. आपल्या पौर्णिमेला तेथे पोहोचलो तर विहारात उत्सव नसेलच, उलट १ मे पासून त्यांची कामगार दिनाची जोडसुट्टी असल्याने गर्दी मात्र सापडेल. मेच्या शेवटी ऊन चढू लागते. तेव्हा मे सुद्धा बाजूला ठेवला.

राहिला शरद. सप्टेंबरात त्या भागात रिपरिप पाऊस रेंगाळतो. १ ते ७ ऑक्टोबर त्यांची राष्ट्रीय सुट्टी. त्या आठवड्यात आगगाड्या, हॉटेले, लेणी, काही म्हणजे काही मोकळे मिळत नाही. त्यानंतर मात्र आकाश निवळते. ऑक्टोबरअखेर दुपारी वीस अंशांच्या आसपास, पहाटे दहाच्या खाली. कोरडी हवा, कमी गर्दी. संध्याकाळी पावणेसहाला सूर्य मावळतो एवढी एक अडचण. पण लोंगमेनच्या पश्चिम टेकडीवरील मोठी बुद्धमूर्ती पूर्वेकडे तोंड करून आहे, तिच्यावर सकाळचे ऊन पडते, तेव्हा लेणी सकाळीच पाहावयाची. यंदा आश्विन पौर्णिमा २६ ऑक्टोबरच्या सुमारास. वर्षावास संपला की निघायचे. माझे गणित इतके सुरेख सुटले की मी ते कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून काढले व गुरुजींच्या घरी गेलो.

काकूंनी कागद वाचला. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, वाचन उत्तम. वाचून म्हणाल्या, "आणि आमच्या नातवाची परीक्षा?"

नातू नववीत आहे. गुरुजींना आता कमी ऐकू येते. विमानतळावर, आगगाडीत, भाषेच्या अडचणीत तोच त्यांचा हात धरणार. ऑक्टोबरच्या अखेरीस शाळेची सहामाही परीक्षा. त्याला सुट्टी दिवाळीची. आपल्या घरात दिवाळी नसली तरी शाळेला सुट्टी असते ना! २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, तेव्हा हा प्रश्न उद्भवला नसता. यंदा अधिक महिन्यामुळे ते ८ नोव्हेंबरला गेले आहे. म्हणजे सुट्टी अठरा दिवस पुढे सरकली, थंडी मात्र पंचांग पाहून सरकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असे नुसते ठरवून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दरवर्षी इंग्रजी तारीख तपासावी.

मी म्हणालो, "काकू, नोव्हेंबरात थंडी वाढते. नातू नको, विहारातली आम्ही माणसे बरोबर आहोतच."

"तुम्ही सगळे आहात," काकू म्हणाल्या. "पण रात्री यांना उठवायचे झाले, तर मी चारचौघांची दारे वाजवत फिरू का? थंडीला स्वेटर आहे. नातवाला दुसरे काय आहे?"

यावर माझ्या खतावणीत उत्तर नव्हते. मी कागद खिशात घातला, चहा प्यालो आणि घरी येऊन पुन्हा आकडे मांडले. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. दुपारी पंधरा-सोळा अंश, पहाटे पाचच्या आसपास. पाऊस जवळजवळ नाही. गर्दी नाही. आणि १५ तारखेच्या आत परत निघालो तर घरे तापवण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीचे दिवस, म्हणजे धुरक्याचा धोका पुढच्या महिन्यांपेक्षा कमी. सर्वोत्तम नाही. पण काकूंना झेपण्यासारखा आहे की नाही, हे येथेच कोथरूडमध्ये पाहता येईल असे माझ्या ध्यानात आले. आपल्याकडे जानेवारीत काही पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. लोयांगच्या नोव्हेंबरातील पहाटेपेक्षा तो थोडा बरा, पण फार नाही.

जानेवारीत अशा तीन पहाटे आम्ही दोघांना म्हातोबा टेकडीच्या पायथ्याशी नेले. सहा वाजता. मी, नातू, आणि थर्मासमध्ये गरम पाणी. (गरम पाणी चीनमध्ये स्टेशनापासून हॉटेलपर्यंत सगळीकडे मिळते, ही आपल्या माणसांना मोठीच सोय.) पहिल्या दिवशी काकूंना खोकल्याची उबळ आली, आम्ही दहा मिनिटांत परतलो. गुरुजी वाटेत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी पंप घेतला व नाकातोंडावरून लोकरी मफलर बांधला. अर्धा तास चालल्या. तिसऱ्या दिवशी टेकडीचा पहिला चढ चढून एका दगडावर बसल्या आणि नातवाला म्हणाल्या, "तिकडे पायऱ्या आहेत, हा चढ आहे. पायऱ्या बऱ्या." डॉक्टरांनी नोव्हेंबरला संमती दिली आहे. ऑक्टोबरात पुन्हा तपासायचे अशी अट घालून.

तेव्हा ठरले ते असे. निघायचे ७ नोव्हेंबरच्या सुमारास, शाळेच्या सुट्टीच्या तारखा जाहीर झाल्या की पक्के करायचे. आधी लोयांग, मग शीआन, कारण लोयांगची लेणी उघड्यावर आहेत आणि थंडी दिवसागणिक वाढणार. उघड्यावरचे आधी पाहून घ्यावे. या दोन शहरांमध्ये वेगवान आगगाडी दीडेक तासात पोहोचवते, त्यामुळे क्रम उलटा केला तरी खर्चात विशेष फरक पडत नाही. पत्रकवाल्यांनी शीआन आधी ठेवले होते, मी ते बदलून मागितले. भारत आणि चीन यांच्यातील २०२० पासून बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पहिले विमान कोलकात्याहून ग्वांगझूला गेले. पुण्याहून जाणाऱ्यांना एका ठिकाणी तरी विमान बदलावे लागते. ते बदलताना मध्ये निदान तीन-चार तास असावेत, धावपळीचे तिकीट स्वस्त मिळाले तरी वृद्ध माणसांसाठी घेऊ नये.

ज्या वाचकांच्या घरात दम्याचे कोणी नाही, गुडघे शाबूत आहेत आणि शाळेचे मूल नाही, त्यांनी माझे ऐकून नोव्हेंबरला जाऊ नये. त्यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस जावे. ज्यांना फुलेच पाहायची आहेत त्यांनी चौदा एप्रिलचे अभिवादन करून पंधराला निघावे. फुले तेवढी थांबतात, महिनाअखेरपर्यंत काही ना काही फुललेले असते. त्यांनी फक्त १ मेच्या सुट्टीपूर्वी परत फिरावे.

आता कागदपत्रांचे काम चालू आहे. व्हिसासाठी पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक असलेली बरी. गुरुजींचा पासपोर्ट नूतनीकरणाला दिला. काकूंचा नव्याने काढायचा आहे. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. आपल्यातील त्या पिढीच्या निम्म्या लोकांची तीच असते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. फॉर्म भरताना मी सहज विचारले, "काकू, खरी कोणती?"

"तारीख कुणाला माहीत? आई सांगायची, ज्वारी काढायला आली होती आणि ती शेतावरूनच परत आली. म्हणजे माघ नाहीतर फाल्गुन असावा. तू लिही, एक जून."

मी लिहिले.